प्रवास, कॅमेरा आणि ओझे

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात आमच्या इतिहास विभागाची अभ्याससहल राजगडावर गेली होती. मी सुट्टीच्या दिवशी गावातील एका छायाचित्रकाराकडे मदतनीस म्हणून काम करतो. लग्नसराईत दिवा धरून उभे राहणे, बॅटऱ्या चार्ज करणे, भिंगे पुसून ठेवणे ही माझी कामे. राजगडाला जातो म्हटल्यावर मालकांनी मोठ्या मनाने आपली चांगली सामग्री माझ्या स्वाधीन केली. धातूच्या अंगाचा मोठा कॅमेरा, दोन जाडजूड भिंगे, फ्लॅश, तिवई आणि हे सर्व मावेल अशी पाठीवरची पिशवी. ती पाठीला लावून मी एस. टी. स्टँडवर उभा राहिलो तेव्हा वर्गमित्रांनी वळून वळून पाहिले. खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले.

हा आनंद गुंजवणे गावापासून चढाला लागल्यावर अर्धा-पाऊण तास टिकला. चोर दरवाज्याची वाट शेवटी शेवटी अंगावर येते. कातळात कोरलेल्या खोबणी आणि लोखंडी कठडे यांच्या आधाराने चढावे लागते. त्याच्या बऱ्याच अलीकडे मी बसलो तो उठेचना. मागून पायथ्याच्या गावातील एक म्हातारे गृहस्थ येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि म्हणाले, "द्या की पोरा ती पिशवी इकडं." दोनशे रुपये ठरले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, पिळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि पिशवी चुंबळीवर घेऊन ते चालू लागले. कातळाचा टप्पा आला तेव्हा त्यांनी ती पाठीवर बांधली आणि एकदाही न थांबता पद्मावती माचीवर नेऊन ठेवली.

मी त्यांच्या मागून मोकळ्या हातांनी चढत होतो आणि मला माझे वडील दिसत होते. माझे वडील बाजार समितीत हमाल आहेत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ज्या ओझ्यातून मुलाने सुटावे म्हणून बापाने ओझी वाहिली, तसेच ओझे त्या मुलाने हौसेने घेतले आणि वडिलांच्या वयाच्या माणसाच्या डोक्यावर दिले. सहलीहून परतल्यावर ही गोष्ट मनातून जाईना. म्हणून कॅमेऱ्याचे वजन या विषयावर मिळेल ते वाचले, मालकांना प्रश्न विचारून भंडावले आणि जे समजले ते येथे मांडीत आहे.

काट्यावरचे सत्य

पहिली गोष्ट मी केली ती ही की, पिशवी वडिलांच्या ओळखीच्या वखारीत नेली आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवली. कॅमेऱ्याचे नुसते अंग ९०० ग्रॅम. जवळच्या कामाचे भिंग, म्हणजे २४ ते ७० मिलिमीटरचे, तेही ९०० ग्रॅम. लांबचे ७० ते २०० चे भिंग दीड किलो. तिवई २ किलो ३०० ग्रॅम. फ्लॅश, चार्जर, जादा बॅटऱ्या मिळून अर्धा किलो. आणि रिकामी पिशवी १ किलो ७०० ग्रॅम! एकूण ७ किलो ८०० ग्रॅम झाले. पाणी, डबा आणि कपडे यांचे वजन वेगळेच.

वडील शेजारी उभे राहून पाहत होते. पन्नास किलोची गोणी उचलणाऱ्या माणसाला आठ किलोचे काय कौतुक, असे मला वाटले. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "उचलताना कुठलंबी वझं हलकंच लागतं. तिसऱ्या खेपेला खरं वजन कळतं." कॅमेऱ्यासंबंधी मी पुढे जे वाचले त्यात या वाक्याइतके उपयोगी दुसरे काही आढळले नाही. दुकानात कॅमेरा हातात घेतो ती पहिली खेप असते. तेथे वजनदार कॅमेरा भारदस्त वाटतो आणि हलका खेळण्यासारखा वाटतो. प्रवासातील चौथ्या तासाला नेमके उलटे होते.

दुसरी गोष्ट, मी काढलेली छायाचित्रे मोजली. ती २४० होती. त्यांपैकी २१९ जवळच्या भिंगाने हातात धरून काढलेली, १५ लांबच्या भिंगाने आणि ६ तिवईवर. म्हणजे लांबचे भिंग व तिवई मिळून ३ किलो ८०० ग्रॅम, जवळजवळ निम्मे ओझे, फक्त २१ छायाचित्रांसाठी गडावर गेले. आणि त्या २४० छायाचित्रांत ज्यांनी हे ओझे वर नेले त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे एकही नव्हते.

ओझ्याचा थोडा इतिहास

हा प्रकार माझ्याच हातून प्रथम घडला असे नाही. प्रवासातील छायाचित्रणाचा आरंभच दुसऱ्याच्या पाठीवर झाला आहे.

सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला. सिमल्याला त्याने भागीदारीत सुरू केलेली पेढी पुढे 'बोर्न अँड शेफर्ड' या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा कलकत्त्याचा स्टुडिओ २०१६ पर्यंत चालू होता. १८६३ ते १८६६ या काळात बोर्नने हिमालयात तीन मोठे प्रवास केले. त्या वेळी ओल्या कोलोडियनची पद्धत होती. काचेवर रासायनिक द्रव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. याचा अर्थ असा की छायाचित्रकाराला आपली प्रयोगशाळाच डोंगरावर न्यावी लागे. मोठा लाकडी कॅमेरा, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, काळा तंबू हे सर्व न्यायला पहिल्या प्रवासात सुमारे तीस आणि काश्मीरच्या दुसऱ्या प्रवासात चाळीसहून अधिक हमाल होते. तिसऱ्या प्रवासात, १८६६ मध्ये, त्याने मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फुटांवर छायाचित्रे घेतली. इतक्या उंचीवर त्यापूर्वी कोणी छायाचित्र घेतलेले नव्हते.

या प्रवासांची वर्णने बोर्नने इंग्लंडमधील एका छायाचित्रणविषयक नियतकालिकात लिहिली. त्यांत हिमालयाच्या सौंदर्याबरोबर हमाल वाटेत पळून गेल्याच्या तक्रारी आहेत. मला त्या तक्रारी वाचताना वेगळेच वाटले. बर्फात, उघड्या पायांनी, दुसऱ्याच्या काचा डोक्यावर घेऊन चालणारा माणूस पळून गेला यात नवल ते काय? बोर्नचे नाव इतिहासात राहिले, आणि ते योग्यच आहे, कारण त्याची छायाचित्रे खरोखर अप्रतिम आहेत. पण त्या पेट्या वाहणाऱ्यांची फक्त संख्या उरली.

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. पुढील दहा वर्षांत ती रूढ झाली आणि अंधारा तंबू डोंगरावर नेण्याची गरज संपली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने गुंडाळीच्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि काचही गेली. तथापि उत्तम चित्र हवे असणारे लोक पुष्कळ वर्षे काचेलाच चिकटून राहिले. अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स १९२७ च्या एप्रिलमध्ये योसेमिटी येथील हाफ डोम या कड्याचे छायाचित्र घेण्यासाठी निघाला तेव्हा त्याच्या पाठीवर सुमारे चाळीस पौंडांचे, म्हणजे अठरा किलोंचे ओझे होते. बरोबर बारा काचा होत्या. कड्यासमोर पोहोचेपर्यंत दोनच उरल्या. पहिलीला त्याने पिवळा फिल्टर लावला. मग आपल्या मनातले आकाश यापेक्षा काळे आहे असे वाटून शेवटच्या काचेला गडद लाल फिल्टर लावला, आणि ते छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. काचा थोड्या होत्या म्हणून विचार अधिक झाला, असे यावरून म्हणता येईल. आणि हे ओझे ॲडम्सने स्वतः वाहिले होते, हेही विसरता कामा नये.

यापुढील पाऊल एका दम्याच्या रोग्याने टाकले. ऑस्कर बारनाक हा जर्मनीतील वेट्झलार येथे लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कारखान्यात यंत्रज्ञ होता. त्याला रानावनांत फिरून छायाचित्रे घेण्याचा छंद होता, पण १३ × १८ सेंटिमीटर काचांचा कॅमेरा घेऊन चढताना त्याला श्वास पुरत नसे. चित्रपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धावू दिली तर २४ × ३६ मिलिमीटरची छोटी चौकट मिळते आणि तीवरून मोठे चित्र करता येते, ही त्याची कल्पना. १९१३-१४ च्या सुमारास त्याने पहिला नमुना बनविला. मध्ये महायुद्ध आले. अखेर १९२५ मध्ये लायका कॅमेरा विक्रीस आला. आज ज्याला आपण 'फुल फ्रेम' म्हणतो ते माप म्हणजे बारनाकची हीच चौकट. धडधाकट माणसाला हे सुचले नसते असे मी म्हणणार नाही. पण ज्याला ओझे सोसत नाही त्यालाच ते कमी करण्याची निकड असते, एवढे खरे.

आणखी दोनच दाखले देतो. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर एडमंड हिलरीने तेनसिंगचे जे छायाचित्र घेतले, ते कोडॅक रेटिना या मिटून खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने. आणि अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी परतताना बहुतेक हॅसलब्लाड कॅमेरे चंद्रावरच ठेवले, फक्त फिल्मच्या डब्या आणल्या. कारण कॅमेऱ्याचे वजन वाचले तर तेवढे चंद्रावरचे दगड अधिक आणता येत. जगातील उत्तम कॅमेराही ओझे झाला की टाकून द्यावा लागतो!

वजन येते कोठून?

पुष्कळांची समजूत अशी असते की वजन म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगाचे वजन. वखारीतील काट्याने माझा हा गैरसमज दूर केला. माझ्या ७ किलो ८०० ग्रॅममध्ये कॅमेऱ्याचे अंग अवघे ९०० ग्रॅम होते. खरे वजन काचेत असते.

त्याचे गणित सोपे आहे. भिंगाची नाभीय लांबी भागिले त्याचा एफ-अंक, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास. २०० मिलिमीटरचे भिंग एफ २.८ असेल तर व्यास सुमारे ७१ मिलिमीटर येतो. तेच एफ ५.६ असेल तर सुमारे ३६ मिलिमीटर, म्हणजे निम्मा. आता वस्तूची लांबी, रुंदी, जाडी सर्व निम्मी केली तर घनफळ आठव्या हिश्शावर येते. प्रत्यक्ष भिंगांत हे प्रमाण तंतोतंत उतरत नाही, पण दिशा तीच असते. ७० ते २०० चे एफ २.८ भिंग दीड किलोच्या आसपास भरते. छोट्या चौकटीच्या कॅमेऱ्यासाठी बनविलेले ५५ ते २०० चे साधे भिंग सुमारे ३०० ग्रॅमचे मिळते. लग्नाच्या मंडपात, रात्री, कमी उजेडात ते मोठे भिंग हवेच. मालकांचे पोट त्यावर आहे. गडावर भर दुपारी उन्हात मला त्याची काय गरज होती?

दुसरे कारण चौकटीचे माप. फुल फ्रेम चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. साध्या डिजिटल कॅमेऱ्यांतील चौकट सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटर असते, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. २००८ मध्ये 'मायक्रो फोर थर्ड्‌स' ही पद्धत जाहीर झाली. तिची चौकट १७.३ × १३ मिलिमीटर, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. चौकट लहान तशी ती झाकण्यास लागणारी काच लहान. मोठी चौकट कमी उजेडात अधिक स्वच्छ चित्र देते हे मान्य केले पाहिजे. पण वार्षिकाच्या पानावर छापण्यासाठी किंवा भिंतीवर टांगण्याच्या मध्यम चित्रासाठी लहान चौकट पुरून उरते.

तिसरे कारण आरसा आणि लोलक. एकभिंगी आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्यापर्यंत चित्र नेण्यासाठी वर काचेचा पंचकोनी लोलक असतो. स्वस्त कॅमेऱ्यांत त्याऐवजी आरशांची पोकळ पेटी बसवितात. तीतून चित्र किंचित अंधुक व लहान दिसते, पण वजन वाचते. अलीकडील आरसाविरहित कॅमेऱ्यांनी आरसा व लोलक दोन्ही काढून टाकले. मात्र त्यांचे अंग हलके झाले तरी भिंगे मोठीच घेतली तर पाठीला फारसा फरक कळत नाही. जाहिरातीत नुसत्या अंगाचे वजन मोठ्या अक्षरांत देतात, ते यासाठी सावधपणे वाचावे.

मजबूत म्हणजे जड नव्हे

आता मजबुतीचा प्रश्न. जड ते टिकाऊ ही आपली जुनी समजूत. आजीच्या पितळी हंड्यापुढे प्लॅस्टिकची घागर कशी टिकणार, असे आपण म्हणतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे.

पाण्याच्या तुलनेत पितळ सुमारे साडेआठ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट, मॅग्नेशियम सुमारे १.७ पट आणि पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक सुमारे १.२ पट. जुन्या कॅमेऱ्यांत ॲल्युमिनियमच्या ओतीव सांगाड्यावर पितळेचे आवरण असे. आजच्या महाग कॅमेऱ्यांत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा सांगाडा असतो आणि स्वस्तांत पॉलिकार्बोनेटचा. धातूचा सांगाडा भिंग आणि चौकट यांना काटकोनात घट्ट धरून ठेवतो. दीड किलोचे भिंग लावायचे तर हे आवश्यक आहे. परंतु दोनशे ग्रॅमच्या भिंगाला एवढ्या सांगाड्याची गरजच नसते. शिवाय प्लॅस्टिक आपटले तर थोडे लवते आणि धक्का पचविते. मर्यादा ओलांडली की तडकते. धातूला पोचा पडतो आणि जोराचा धक्का आतील नाजूक भागांपर्यंत पोहोचतो. हलकी वस्तू पडताना आपटतेही कमी जोराने, हे शाळेतील पदार्थविज्ञानच आहे.

मजबुती आणि हलकेपणा एकत्र येऊ शकतात हे जपानी कारागिरांनी पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिले. योशिहिसा मैतानी याने ऑलिंपससाठी १९७२ मध्ये जो कॅमेरा काढला, व जो पुढे ओएम-१ या नावाने ओळखला गेला, तो संपूर्ण धातूचा असून सुमारे अर्धा किलोचा होता. १९८२ चा निकॉन एफएम-२ हा ५४० ग्रॅमचा. त्याचा पडदा टायटॅनियमचा होता आणि बॅटरी संपली तरी तो चालत असे. बंद पडे तो फक्त प्रकाशमापक. अनावश्यक भाग काढून टाकणे हीच त्यांची युक्ती होती.

आपल्याकडील प्रवासात कॅमेरा पडून मोडण्यापेक्षा तीन शत्रू अधिक घातक आहेत. पहिला पाऊस. सांध्यांत रबरी पट्ट्या बसविलेले कॅमेरे भुरभुर सोसतात, पण भिंगाच्या सांध्यालाही तशी पट्टी नसेल तर अंगाच्या पट्ट्यांचा उपयोग नाही. दूध-पिशवीसारख्या जाड प्लॅस्टिकची, भिंगापुरते भोक पाडलेली पिशवी पुष्कळ काम देते. दुसरा शत्रू दमट हवा. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी धरते. तिचे कोळिष्टकासारखे धागे पसरतात आणि फार दिवस राहिली तर काचेवरील लेप कायमचा खराब होतो. येथे महाग-स्वस्त असा भेद बुरशी करीत नाही. कातडी पेटीत कॅमेरा बंद करून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात. तिसरा शत्रू खडखडाट. एस. टी. च्या सततच्या हादऱ्यांनी बारीक स्क्रू सैल होतात. म्हणून कॅमेरा वरच्या फळीवर किंवा पायाशी न ठेवता मांडीवर घ्यावा. कॅमेरा हलका असला तरच हे साधते, हे सांगावयास नकोच.

ओझे वाहण्याची विद्या

ओझे कसे वाहावे ही विद्या आपल्याकडे पुरातन आहे, पण ती पुस्तकांत नाही. चुंबळ म्हणजे काय? ओझे आणि डोके यांच्यामध्ये स्पर्शाचे क्षेत्र वाढविणारे साधन. जोर तोच राहतो, क्षेत्र वाढले की दाब कमी होतो. कॅमेऱ्याचा अरुंद पट्टा मानेत रुततो आणि दुप्पट रुंद पट्टा निम्म्या दाबाने बसतो, यामागे तोच नियम आहे. राजगडावर ताक विकणाऱ्या बायका भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चढताना मी पाहिल्या. ओझे कण्याच्या सरळ रेषेत असेल तर तोल राखण्यात शक्ती जात नाही. वडीलही हेच सांगतात की गोणी पाठीपासून सुटली की कंबर गेली. म्हणून पिशवीत जड वस्तू पाठीलगत व वरच्या बाजूस ठेवाव्यात, पट्टे आवळून घ्यावेत, आणि कंबरपट्टा असेल तर तो बांधावा. कॅमेरा एका खांद्याला लोंबकळत ठेवून चढू नये. तो झोके घेतो, खडकावर आपटतो आणि माणसालाही पाडतो.

तिवईबद्दल एक युक्ती सांगतो. रिकामी कापडी पिशवी बरोबर न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर तीत वाळू वा माती भरावी. तटाच्या कठड्यावर ती ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला की तो हलत नाही. दोन किलो वजन गडावर आधीपासूनच हजर असते, ते खालून नेण्याचे कारण नाही.

निवड कशी करावी

या सर्वांवरून प्रवासासाठी सामग्री निवडताना चार प्रश्न स्वतःला विचारावेत असे मला वाटते. कोणते चित्र काढण्यासाठी मी जात आहे? मागील प्रवासात कोणती वस्तू पिशवीतून बाहेरच आली नाही? ही वस्तू वाटेत बिघडली तर माझे काय अडेल? आणि शेवटचा प्रश्न, मी दमलो तर हे कोण वाहील? खिशातील सुमारे दोनशे ग्रॅमच्या मोबाइलने भागत असेल तर तेवढाच न्यावा, त्यात कमीपणा नाही. मात्र लांबचे दृश्य, कमी उजेड किंवा मोठा छाप हवा असेल तर कॅमेरा हवा. आणि जेथे पाऊस, धूळ, रोजचे काम आहे तेथे मजबूत, जड सामग्री घेण्याला पर्याय नसतो. तेथे वजन ही चैन नसून कामाची किंमत असते.

पुन्हा राजगड

या जानेवारीत मी एका मित्राबरोबर पुन्हा राजगडावर गेलो. या खेपेस मालकांचा जुना, प्लॅस्टिकच्या अंगाचा कॅमेरा मागून घेतला. बॅटरीसह ४१५ ग्रॅम, १८ ते ५५ चे भिंग २०५ ग्रॅम आणि ५० मिलिमीटरचे छोटे भिंग १६० ग्रॅम. एकूण ७८० ग्रॅम, म्हणजे मागच्या ओझ्याचा बरोबर दहावा हिस्सा. संजीवनी माचीपर्यंत गेलो, बालेकिल्ला चढलो, आणि कॅमेरा दिवसभर हातात राहिला. मागच्यापेक्षा चित्रे कमी काढली, पण चांगली अधिक निघाली.

वाटेत तेच म्हातारे गृहस्थ भेटले. सवयीने त्यांचा हात पुढे आला. मी म्हणालो, "नको बाबा, या वेळी ओझं नाही." त्यांनी माझ्या खांद्यावरच्या झोळीकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "मग आमची मजुरी बुडाली म्हनायची!"

मी गप्प झालो. इतके वाचले, काट्यावर इतकी वजने केली, पण ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. माझ्या पाठीवरून उतरलेले ओझे त्यांच्या हातातून गेले होते. वडिलांच्या पिढीने १९६९ च्या माथाडी कायद्यासाठी झालेल्या लढ्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत. त्या लढ्यातील मागणी ओझी नाहीशी करा अशी नव्हती. ओझे वाहणाऱ्याला माणूस म्हणून मोजा, त्याला ठरलेली मजुरी द्या, अशी ती होती. विनाकारण ओझे न्यावे आणि त्याची मजुरी द्यावी हे काही उत्तर नव्हे. परंतु ओझे हलके केले की आपले काम संपले असेही नाही.

मी त्यांना म्हणालो, "बाबा, वाटेतल्या जागांची नावं सांगा. त्याचे दोनशे घ्या." ते म्हणाले, "सांगायचं बी पैसं?" तरी बरोबर आले. त्यांनी जी झऱ्यांची, पायऱ्यांची आणि शेतांची नावे सांगितली त्यांतील निम्मी मला कोणत्याही पुस्तकात आढळली नाहीत. ती मी वहीत लिहून घेतली आहेत. परतताना चोर दरवाज्यापाशी ५० मिलिमीटरच्या भिंगाने त्यांचे छायाचित्र घेतले. पंचा खांद्यावर, हात मोकळे. त्याची एक प्रत त्यांना नेऊन द्यावयाची आहे.

वडिलांना ते छायाचित्र दाखविले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "किती किलोचा कॅमेरा म्हनलास?" मी सांगितले, पाऊण किलोच्या जरा वर. ते म्हणाले, "मग बरं हाय. माझाबी एक काढ."